वजनकाट्यावर पुढची चाकं

गेल्या वर्षीच्या श्रावणात दादाचा ट्रॅक्टर उलटता उलटता राहिला.

निफाड तालुक्यातली आमची जमीन काळी. चार दिवस झड लागली की वस्तीवरून द्राक्षबागेत जाणारी पाणंद माणसाचा पाय धरून ठेवते. म्हणून उन्हाळ्यातच मुरमाचा ढीग टाकून ठेवला होता. पावसाने उघडीप देताच दादा तो मुरूम ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरने पाणंदीत नेऊन टाकत होता. मुरूम ओला, बकेट शिगोशीग. वाटेत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडली होती. त्यांना धक्का नको म्हणून त्याने बकेट छातीइतकी उचलून धरली आणि तेवढ्यात उजवं मागचं चाक एका दगडावर चढलं. दगड निसटला, पण चाक खाली आलं नाही. ते हवेतच राहिलं आणि ट्रॅक्टर डावीकडे झुकत गेला. बांधावरच्या कडुनिंबाला बकेटीचा कोपरा टेकला, तेव्हा कुठे थांबला.

वहिनी ओट्यावरून पाहत होती. तोंडातून आवाजच फुटला नाही, असं तिने नंतर सांगितलं. दादाच्या नडगीचं सालटं गेलं, त्यापलीकडे काही नाही. कडुनिंबावर हातभर लांबीची खूण अजून आहे.

आठवडाभराने पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल झिरपायला लागलं. ॲक्सलचा सील गेला होता. ट्रॅक्टर दुकानात नेला तर सील बदलून मिळाला आणि वर सल्लाही मिळाला: हा लोडर तुम्हाला पुरत नाही, मोठा घ्या. जाड बाह्यांचा, चाळीसऐवजी पन्नास मिलिमीटरच्या सिलिंडरांचा, पावणेदोनपट बकेटीचा आणि एक फूट जास्त उंच जाणारा. जुना बदल्यात घेऊ. दादाला ते पटलं. कोणालाही पटावं असंच ते होतं. ओझ्याला यंत्र कमी पडलं तर मोठं यंत्र आणायचं.

माझ्या डोळ्यांपुढून मात्र ते हवेतलं चाक हलेना. त्या दिवशी लोडर कमी पडलाच नव्हता. त्याने ओझं उचललं होतं, तेही सहज. कमी पडलं होतं ते दुसरंच काहीतरी. ते काय, हे कळेपर्यंत दादाने विसार देऊ नये, एवढंच मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्या शोधात काही महिने गेले.

*

आमच्या भागात या छोट्या ट्रॅक्टरांना सगळे ‘मिनी’ म्हणतात. दोन ओळींत नऊ-दहा फुटांचं अंतर, वर वाय पद्धतीच्या अँगलांवर पसरलेले वेल आणि त्यांच्या खालून वाट काढत जाणारा वीस ते सत्तावीस एचपीचा, चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर. द्राक्षाला तो मुख्यतः फवारणीसाठी आला. मागे ब्लोअर जोडायचा आणि बागेतून फिरवायचा. लोडर हे नंतरचं जोडकाम.

या यंत्राचं मूळ जपानच्या भातखाचरांत आहे. छोटी खाचरं, चिखल आणि वळायला जागा नाही, अशा ठिकाणी चालावा म्हणून तिथल्या कारखान्यांनी हलका ट्रॅक्टर घडवला. कुबोटा कंपनीने १९६९मध्ये २१ एचपीचा एल २०० हा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. पुढे तिकडच्या लोकांनी असल्या ट्रॅक्टरांच्या पुढे लोडर बसवून घेतले. पाच-दहा एकरांचं घर, घोड्यांची लीद, बर्फ, लाकडं, खडी हे सगळं उपसायला. आज अमेरिकेतला असा छोटा ट्रॅक्टर बहुधा लोडर लावूनच दुकानातून निघतो. तिथे तो यंत्राचाच भाग धरलेला असतो आणि ट्रॅक्टरसोबतच्या पुस्तिकेत त्याची वेगळी पानं असतात. आपल्याकडे बऱ्याचदा ट्रॅक्टर एका ठिकाणी घेतला जातो आणि लोडर दुसऱ्या ठिकाणी, फॅब्रिकेशनवाल्याकडे बसतो. दोघांची गाठ पहिल्यांदा पडते ती आपल्या अंगणात.

आणि आपल्याकडे ‘जेसीबी’ आहे. माती उकरणाऱ्या कोणत्याही पिवळ्या यंत्राला हे नाव मिळालं, इतकं ते भाषेत मुरलं आहे. ही तीन अक्षरं म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं. १९४५मध्ये त्याने अटॉक्सेटर गावातल्या एका गॅरेजात काम सुरू केलं आणि पहिल्यांदा बनवली ती ट्रॉली, मागे कलंडून माल ओतणारी. चार वर्षांनी त्याने फोर्डसन मेजर ट्रॅक्टरच्या पुढे बसणारा हायड्रॉलिक लोडर काढला. पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेलं आजचं धूड नंतर आलं. म्हणजे ज्या यंत्राने आपल्या मुलखाचे बांध आणि विहिरी बदलल्या, त्याच्या वाटेत ट्रॅक्टरला लावलेला साधा लोडर होता. मात्र पुढे ट्रॅक्टरला लोडर लावत बसण्याऐवजी लोडरसाठीच वेगळं, सात टनांच्या वरचं यंत्र घडवलं गेलं. ते का घडवावं लागलं, हे मला काट्यावर कळलं.

*

दादाचा भर एका आकड्यावर होता. ट्रॅक्टरच्या पत्रकात ‘उचलण्याची क्षमता ७५० किलो’ असं छापलेलं आहे. मग मुरमाची एक बकेट त्याला जड का व्हावी?

हा आकडा मागचा आहे. नांगर, रोटाव्हेटर जिथे जोडतो त्या थ्री पॉइंट लिंकेजचा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. अशा चाचण्यांत ही उचल जोडाच्या गोळ्यांपाशी आणि त्यांच्या ६१० मिलिमीटर मागे मोजतात. पुढच्या लोडरशी तिचा काही संबंध नाही. गावोगाव मात्र हाच आकडा पुढच्या बकेटीला चिकटवला जातो. विकणारा तो खोडून काढत नाही, घेणारा विचारत नाही. लोडरचा स्वतःचा आकडाही दोन तऱ्हांनी सांगता येतो. बकेट जिथे बाह्यांना पिनेने जोडली आहे तिथे मोजला तर मोठा दिसतो. बकेटीतल्या मालाच्या मध्यावर, म्हणजे पिनेच्या हातभर पुढे मोजला तर घटतो. माल पिनेवर बसत नाही, बकेटीत बसतो. त्यामुळे दुसरा आकडा खरा, आणि पत्रकात तो शोधावा लागतो.

एका जुन्या मेकॅनिककाकांनी, ज्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर उघडले आणि मिटले, सरळ विचारलं, “काट्यावर नेला का?” मी म्हटलं, “कशाला? वजन तर पुस्तकात आहे.” ते म्हणाले, “पुस्तकात ट्रॅक्टरचं आहे. तुमच्या ट्रॅक्टरचं नाही.”

कांद्याच्या मुलखात वजनकाट्याला तोटा नाही. एका सकाळी आम्ही ट्रॅक्टर घेऊन काट्यावर गेलो. गर्दी सुरू व्हायच्या आधी. काटेवाल्याला आधी कळेना की आम्हाला अख्ख्या ट्रॅक्टरचं वजन नको, अर्ध्याचं हवं. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची बाहेर फरशीवर. मग उलट. काटा जमिनीच्या पातळीत होता, म्हणून हे जमलं.

रिकामी बकेट, गादीवर दादा: पुढच्या चाकांवर ६९० किलो, मागच्या चाकांवर ५२०.

मग जवळच्या ढिगातून मुरूम भरला, कडेपेक्षा थोडा कमी. एकूण वजन ३०० किलोंनी वाढलं, म्हणजे मुरूम ३०० किलो. पण पुढच्या चाकांवर आकडा आला १,२३०. वाढ ५४० किलोंची. आणि मागच्या चाकांवर उरले २८०.

दादाने तो आकडा दोनदा वाचला. तीनशे किलो घेतले आणि पुढे पाचशे चाळीस वाढले, मग वरचे दोनशे चाळीस आले कुठून? मागून. लोडर हा तराजू आहे आणि पुढचं चाक त्याचा काटा. बकेट चाकाच्या पुढे चार फूट निघालेली. ती खाली दाबते तेव्हा मागची बाजू उचलली जाते. आमच्या ट्रॅक्टरवर बकेटीतला प्रत्येक किलो पुढच्या ॲक्सलवर १.८ किलो होऊन बसतो, आणि मागून ८०० ग्रॅम काढून घेतो. आता श्रावणातला ओला, शिगोशीग मुरूम धरा. तो चारशेच्या वर सहज गेला असणार. त्याने मागच्या दोन चाकांवर मिळून दोनशे किलोसुद्धा ठेवले नव्हते. दादाच्या स्वतःच्या वजनाचा त्यात बराच वाटा होता.

ट्रॅक्टर आडवा पडण्यापासून वाचवायचं काम मागची दोन चाकंच करतात, हे माहीत नसेल तर आकडा नुसता आकडा राहतो. पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनेवर झुलता असतो. खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला लागावीत म्हणून ती सोय. पण त्यामुळे ट्रॅक्टर कलायला लागला की सुरुवातीला पुढची चाकं त्याला अडवत नाहीत. तो एका त्रिकोणावर उभा असतो: पुढची पीन आणि मागची दोन चाकं. लोडर भरला की सगळा भार त्या त्रिकोणाच्या टोकाकडे, अरुंद बाजूला सरकतो. वर बकेट छातीइतकी उंच. दगड लहान होता, हे दादा अजून सांगतो. खरंच लहान होता.

ब्रेकचंही तेच. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. उतारावर भरलेली बकेट घेऊन निघालात आणि मागे भार नसेल, तर पाय दाबून चाक थांबतं, ट्रॅक्टर थांबत नाही. तो घसरत जातो. फोर व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकंही त्या ब्रेकला जोडली जातात. डिझेल वाचावं, टायर झिजू नये म्हणून फोर व्हील काढून लोडर चालवायची सवय आमच्याकडे सर्रास आहे. ती सोडायला हवी, एवढं मी ठामपणे लिहितो.

*

काट्यावरून आम्ही थेट फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने मोठा लोडर दाखवला. यंत्र देखणं होतं, वेल्डिंग सफाईदार. वजन विचारलं. आमच्यापेक्षा शंभर किलो जास्त.

मी तिथेच वहीवर हिशेब मांडला. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पुढच्या ॲक्सलची मर्यादा १,१५० किलो आहे. ती पुस्तिका सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही उघडली. आत्ताच्या लोडरसह पुढे ६९० आहेतच, म्हणजे उरतात ४६०. त्याला १.८ने भागलं की बकेटीत घालता येतात साधारण २५५ किलो. नवा लोडर शंभर किलोंनी जड. ते लोखंडही चाकाच्या पुढेच लोंबणार, म्हणून पुढच्या ॲक्सलवर त्याचे सव्वाशे-एकशे तीस होतात. मग बकेटीसाठी उरतात १८० किलो.

मोठा लोडर घेतला असता तर ट्रॅक्टरला कमी ओझं न्यावं लागलं असतं. उचललं जास्त असतं, हे खरं. त्याच्या सिलिंडरात तेवढी ताकद आहे. त्या ताकदीने त्याने आमचा ॲक्सल, सील आणि मागची चाकं आणखी लवकर संपवली असती.

सिलिंडरांचंही गणित सरळ आहे, आणि ते कोणी सांगत नाही. तेलाचा दाब तोच राहिला तर ताकद सिलिंडरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरते. चाळीस मिलिमीटरचं तोंड साडेबारा चौरस सेंटिमीटर, पन्नासचं साडेएकोणीसच्या वर. ताकद दीडपटीहून जास्त. पण पंप तोच, मिनिटाला तेवढंच तेल देणारा. दीडपट पोट भरायला दीडपट वेळ. जी बकेट साडेतीन सेकंदांत वर जात होती तिला आता पाचाहून जास्त लागतील. दिवसभरात दोनशे बकेटी भरायच्या तर हे सेकंद अंगावर येतात. मग माणूस इंजिनाची रेस वाढवतो, वेग वाढवतो, घाई करतो.

फॅब्रिकेशनवाला प्रामाणिक निघाला. हिशेब पाहिल्यावर त्यानेच खाली वाकून आमच्या जुन्या लोडरची जोडणी दाखवली. ट्रॅक्टरला चेसिस नसते. इंजिन, क्लचचं घर आणि गिअरबॉक्स हे बिडाचे तुकडे बोल्टांनी एकमेकांना जोडलेले, तोच त्याचा कणा. आमच्या लोडरचे खांब पुढच्या बंपरला आणि क्लचच्या घराला धरलेले होते, तेवढ्यावरच. ढिगात बकेट घुसवताना बसणारा प्रत्येक धक्का त्या मधल्या सांध्यावर. चांगल्या लोडरला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मागच्या ॲक्सलपर्यंत नेलेल्या असतात, म्हणजे धक्का कण्याला वळसा घालून मागे उतरतो. “हे आधी करून घ्या,” तो म्हणाला. “बाकीचं नंतर.” विक्री हातची जात असताना हे सांगणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

*

आता मागचं. सगळ्या शोधात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट मागे सापडली.

मागच्या टायरांत पाणी भरा, असं पुष्कळजण सुचवतात. नांगरटीला आम्ही भरतोच. त्याने मागे वजन येतं, तोल सुधारतो. पण ते पाणी चाकात, ॲक्सलच्या बरोबर खाली-वर. पुढच्या ॲक्सलवरचा एक किलोही ते कमी करत नाही. पुढचा भार हलका करायचा तर वजन मागच्या चाकांच्याही मागे लोंबलं पाहिजे, म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात.

दोनशे लिटरचा डिझेलचा रिकामा ड्रम मधोमध कापला. आत लिंकेजच्या तीन जोडांसाठी पाइप आणि सळ्या वेल्ड करून बसवल्या आणि काँक्रीट ओतलं. अर्ध्या ड्रमात शंभर लिटर काँक्रीट म्हणजे २४० किलो, लोखंड धरून २६०. तीन आठवडे त्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं. वहिनी रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायची, तुळशीनंतर.

पुन्हा काट्यावर. तोच मुरूम, तेवढाच, ३०० किलो. काटेवाला आता आम्हाला ओळखत होता. मागे ड्रम लटकवलेला.

पुढच्या चाकांवर १,०९०. मागच्या चाकांवर ६८०.

ट्रॅक्टरवर २६० किलो वाढवले आणि पुढच्या ॲक्सलवरचे १४० कमी झाले. भार मर्यादेच्या आत आला. मागच्या चाकांवर २८०चे ६८० झाले. दादा गादीवरून उतरला, मागे जाऊन ड्रमवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही.

*

उंचीचा प्रश्न उरला. तो खरा होता. आमच्या ट्रॉलीच्या फाळक्याची कड पाच फुटांच्या वर. लोडर पूर्ण वर गेला आणि बकेट ओतायला खाली वाकवली की तिचं टोक जेमतेम तेवढ्यावर येतं. कड घासते, खत बाहेर सांडतं, आणि माणूस ट्रॉली भरायला बकेट शेवटच्या इंचापर्यंत उचलतो, म्हणजे जिथे तोल सगळ्यात कच्चा तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतो. एक फूट उंच जाणारा लोडर या दुखण्याचा इलाज दिसत होता.

उत्तर उकिरड्याच्या शेजारीच होतं. गोठ्यामागे जमीन दोन टप्प्यांत आहे. खत वरच्या टप्प्यावर साठवायचं आणि ट्रॉली खालच्या टप्प्यावर लावायची, एवढं केलं की दीड फूट मिळतो. फरशीचे तुकडे आणि मुरूम टाकून कडेला लाकडी ओंडका आडवा गाडला, म्हणजे ट्रॅक्टरचं पुढचं चाक कडेपलीकडे जाणार नाही. त्या ओंडक्यावर मी आग्रह धरला. चाक कडेवरून गेलं तर ड्रमही वाचवणार नाही.

*

इथे मला एका बाईंबद्दल लिहायचं आहे. छाटणीच्या हंगामात आमच्याकडे सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. आमच्या टोळीच्या मुकादम मावशी गेली अकरा वर्षं येतात. बागेत शेणखत टाकायचं काम त्यांच्या टोळीचं. ओळीच्या तोंडाशी ट्रॉली उभी करायची, फावड्याने घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, ओळीत वाकून चालायचं, कारण वर अँगल आणि तारा असतात, आणि वेलाच्या बुंध्याशी चरात ओतायचं.

शेतातलं खत ब्रासमध्ये मोजतात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. चांगलं कुजलेलं शेणखत घनमीटरला साधारण ६०० किलो धरलं तर एका ब्रासचे १,७०० किलो होतात. पंधरा किलोंचं घमेलं धरा. एका ब्रासला शंभराहून जास्त फेऱ्या. आमच्या सहा एकरांना वर्षाला २२ ट्रॉल्या लागतात, जवळपास ब्रासाची एक. दोन हजारांच्या वर वेळा कुणाच्या तरी मानेवर पंधरा किलो बसतात. लोडर घेतला तेव्हा आम्ही म्हणालो की मजुरी वाचली. वाचली ती ट्रॉली भरायची, पुरुषांची. ओळीतलं घमेलं तसंच राहिलं होतं. सात वर्षं आमच्या लक्षातही आलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते.

मावशींना विचारलं, की लोडरनेच ओळीत खत नेलं तर तुमचं काम जाईल, काय म्हणता? त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हे काम गेलं तर चांगलंच, असं त्यांचं म्हणणं पडलं. छाटणी आहे, विरळणी आहे, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग आहे; ती हाताची कामं, तिथे यंत्र येत नाही आणि रोज चांगला पडतो. खताच्या दिवसांत रात्री मान वळत नाही. मग त्यांनी एक बारीक गोष्ट सांगितली, जी कोणत्याही पत्रकात नव्हती. मोठी बकेट आणली तर ती ओळीत घुसणार नाही. त्यांनी आमच्या ओळींतून वाकून चालत हजारो फेऱ्या केल्या होत्या. कुठे अँगल आत झुकला आहे, कुठे तार लोंबते, ते त्यांना पाठ होतं.

दुकानातल्या मोठ्या लोडरची बकेट पाच फूट रुंद होती. आमची चार. नऊ फुटांच्या ओळीत दोन्हीकडचे बुंधे, चर आणि ठिबक सोडून मधे जी वाट उरते तिथे तो एक फूट म्हणजे वेलाची साल. मोठा लोडर आणला असता तर तो ट्रॉली भरायला जोरात चालला असता आणि ओळीच्या तोंडाशी थांबला असता. पुढे पुन्हा घमेलं.

*

दादाने वर्षभर एक वही ठेवली होती, लोडरने काय काय भरलं त्याची. २२ ट्रॉल्या शेणखत. खरड छाटणीनंतरच्या काड्या, त्यांना मोजमाप नाही. खताच्या गोण्या, क्रेट. आणि ५ ट्रॉल्या मुरूम.

सगळं वर्ष हलक्या, फुगीर मालाचं होतं. जड माल पाच ट्रॉल्या. आणि मोठ्या लोडरची सगळी चर्चा त्या पाच ट्रॉल्यांवरून सुरू झाली होती. आमच्या बकेटीत घनमीटरचा पाचवा भाग मावतो. तेवढ्यात शेणखत असेल तर १२० किलो, मुरूम असेल तर ३४०. बकेट तीच. दुकानातली मोठी बकेट मुरमाने भरली तर सहाशे किलोंच्या घरात जाते आणि हा ट्रॅक्टर ते जमिनीवरून उचलतानाच मागून उठेल. बकेट मोठी हवी होती ती खतासाठी, आणि खताला जाड पत्रा लागत नाही.

म्हणून फॅब्रिकेशनवाल्याने जुन्या बाह्यांना बसणारी दुसरी बकेट केली. रुंदी चारच फूट, पण पोट खोल आणि खाली पत्र्याऐवजी काटे, उकिरड्यात सहज घुसणारे आणि काड्या गोळा करणारे. पावणेदोनपट खत मावतं. वजन दोनशे किलोंच्या थोडं वर. ड्रम मागे असला की पुढचा ॲक्सल हजाराच्या आतच राहतो. ब्रासला चौदा-पंधरा खेपा व्हायच्या, आता आठ-नऊ. पट्ट्या मागच्या ॲक्सलपर्यंत नेल्या. सगळं मिळून नव्या लोडरच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात बसलं.

मुरमासाठी आता जेसीबी बोलावतो. तास-दीड तासात तो पाचही ट्रॉल्या भरतो, ट्रॉली पाणंदीत कलंडते, आणि आमचा लोडर जुन्या बकेटीने फक्त पसरवतो, बकेट जमिनीलगत. भरायची वेळ आलीच तर फळीने कडेच्या थोडं खाली सपाट करून, शीग नाही. ज्यांच्याकडे मोठा ट्रॅक्टर आहे, मोकळं रान आहे, वर्षाचे दोन-तीन महिने माती-खडीचं काम आहे, त्यांनी मोठा लोडर घ्यावा. त्यांचा काटा वेगळा आकडा दाखवेल. पण काट्यावर जावं. चहाच्या दोन कपांच्या पैशांत ते होतं.

यंदा एप्रिलमध्ये, बाग उतरल्यावर, खत टाकलं. दादा लोडर घेऊन ओळीत शिरला, मावशी उलट पावलांनी त्याच्या पुढे चालत होत्या आणि हाताने डावी-उजवी सांगत होत्या. दर चार वेलांमागे ढिगुला टाकायचा, बायका फावड्याने तो चरात ओढायच्या. घमेली गोठ्याच्या भिंतीला उपडी पडून होती. दुसऱ्या दिवशी एका ओळीत बकेटीचा कोपरा अँगलला लागला. मावशींनी आधीच हात वर केला होता, दादाला उशिरा दिसला. ती ओळ आता घमेल्यानेच करतो.

आणि श्रावणात पुन्हा पाणंद खचली. पुन्हा मुरूम आला. ड्रम मागे लावलेला, फोर व्हील टाकलेलं, बकेट गुडघ्याच्या खाली. दादा ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी वहिनी पुढे जाते आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी एकेक उचलून बांधावर, कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन ठेवते.